सराईचं काय करायचं?

बांधकाम खात्यात नोकरी केलेल्या माणसाबरोबर कधी प्रवास करू नये. एस.टी.त बसलं की सुरू होतं: हा पूल आमच्या वेळचा, या शाळेच्या स्लॅबला मी दिवसभर उन्हात उभा होतो, या रस्त्यावर आमचा रोलर रुतला होता! माझी बायको तर आता स्टँडवरच सांगून ठेवते, "मी खिडकीशी बसते, तुम्ही कंडक्टरला सांगा काय सांगायचं ते."

तिचंही खरं आहे. किस्से एक एक करून कुठे येतात? एकाला हात घातला की बाकीचे सगळे चपला घालून दारात उभे. गंमत म्हणजे मी जे जे बांधलं त्याचे किस्से थोडे. सगळ्यात जास्त किस्से आहेत ते एका अशा इमारतीचे, जी मी बांधलीच नाही. ती पाडायची की ठेवायची, एवढंच आम्हाला ठरवायचं होतं.

महाराष्ट्र नुकता नुकता झाला होता. जिल्हा परिषद नवी, शिक्के नवे, उत्साह नवा. नांदुऱ्याकडच्या एका बाजाराच्या गावात सरकारी दवाखाना मंजूर झाला. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथून मला अजून लग्नपत्रिका येतात. दवाखान्याची जागा आणि डांबरी सडक यांच्या मधोमध एक जुनी सराई उभी होती. पूर्वी कापसाच्या गाड्या नांदुऱ्याच्या स्टेशनाकडे जाताना तिथे मुक्कामाला थांबत. जाड मातीच्या भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, पुढे सागवानी खांबांची लांब ओसरी. ट्रक आले आणि गाडीवाले गेले, पण सराई तशीच राहिली.

ती पाडली तर सडकेवरून दवाखान्याच्या दारापर्यंत वाट सरळ जाणार होती. ठेवली तर वाटेला विहिरीकडून वळसा घ्यावा लागणार होता. वरच्यांनी नकाशात सराईच्या जागी एक मोठं प्रश्नचिन्ह काढून नकाशा आमच्याकडे पाठवून दिला. काय ते तुम्हीच ठरवा!

आम्ही म्हणजे चौघं. पुण्याहून आलेले लिमयेसाहेब, हेडक्लार्क ढोलेबाबू, जीपचे ड्रायव्हर रहमानभाई, आणि मी ओव्हरसियर. गावात मला 'ओरशेरभाऊ' म्हणत. आणि गावात दुसरी जागाच नसल्यामुळे आमचं ऑफिस होतं सराईतच!

*

साहेब आल्याबरोबर पहिलं काम त्यांनी केलं ते सराईच्या पाहणीचं. भिंतीवर टिचक्या मारल्या, खांबांना धक्के दिले, छपराकडे बराच वेळ मान वर करून पाहिलं. मग आत येऊन खुर्चीत बसले आणि ढोलेबाबूंना अहवाल सांगू लागले.

"लिहा. सदर इमारत माणसांनी वापरण्यास अयोग्य आहे."

ढोलेबाबू जुन्या मध्यप्रांताच्या काळातले. जाड चष्मा, काळी टोपी, कानाला पेन्सिल. त्यांनी वाक्य लिहिलं, शाई टिपली, वर छपराकडे पाहिलं, मग साहेबांकडे, मग माझ्याकडे.

"साहेब," ते अगदी अदबीने म्हणाले, "मंग आपुन कोन?"

साहेबांनी ते वाक्य खोडायला लावलं. सराईचं पहिलं मरण तिथे टळलं.

*

ओसरीच्या पहिल्या दोन खांबांच्या मध्ये अनसूयामावशी बसायची. माळ्याची बाई, मळा गावाबाहेर नदीकाठी. बुधवारच्या बाजाराला ती मंगळवारीच भाजीची गाडी घेऊन यायची, ओसरीवर मुक्काम करायची आणि बाजार उठला की जायची. इतर दिवशीसुद्धा काही ना काही निमित्त काढून यायचीच. वांगी, मेथी, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे साहेबांना समजायला बरेच दिवस लागले. पहिल्या बुधवारी तिने "सांबार घ्या साहेब" म्हटल्यावर ते आतून भांडं घेऊन आले होते!

मी सराईची मापं घ्यायला टेप धरून निघालो तर ती वाटेत बसलेली.

"मावशी, जरा सरक."

"काऊन?"

"माप घ्यायचं आहे. नकाशा काढायचा आहे."

"मंग त्यात मले काढ."

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "भाऊ, माहा मालक मले नवी नवरी असतानी इथी घेऊन आला. पह्यली टोपली इथी मांडली. तो गेला. आता नदीकाठचा मया पोरायचा हाय, घर सुनायचं हाय. माहं मनून हे दोन खांब. नकाशात ते नसन त तो नकाशा खोटा."

 मी तिच्या जागेवर पेन्सिलीने एक छोटंसं वर्तुळ काढलं. तिने पाहिलं, टोपलीतलं एक वांगं माझ्या खिशात कोंबलं आणि सरकली.

संध्याकाळी साहेब नकाशा तपासायला बसले.

"हे वर्तुळ कसलं? विहीर आहे का?"

"नाही साहेब. अनसूयामावशी."

"अहो, नकाशात माणसं दाखवत नाहीत! फक्त कायम स्वरूपाचं बांधकाम."

"म्हणूनच दाखवलं साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी एकदा दारातून बाहेर पाहिलं. मावशी बसलेली होती. त्यांनी खोडरबर उचललं, पुन्हा ठेवलं, आणि वर्तुळ तसंच राहिलं.

*

मावशीचा आमच्या कारभाराला तसा हातभारच होता. बुधवारी पाऊस आला की ती आपल्या टोपल्या सरळ ऑफिसात आणून ठेवायची. फायलींच्या शेजारी मेथी, मेथीच्या शेजारी फायली. सगळ्या ऑफिसला हिरवा, ओला वास यायचा. मी पुढे मोठमोठ्या शहरांतल्या ऑफिसात बसलो, पंखे होते, काचा होत्या, पण तसा वास पुन्हा कुठे आला नाही. अजून बाजारात मेथीची जुडी हातात घेतली की मला आधी ढोलेबाबूंचं टेबल आठवतं, मग भाजी.

एकदा वरच्या ऑफिसातून आमचं एक पत्र परत आलं. त्याला मेथीची काडी चिकटलेली, आणि कडेला लाल शाईत शेरा: 'सोबतचे परिशिष्ट कशाचे, याचा खुलासा व्हावा.'

ढोलेबाबूंनी खुलासा पाठवला: 'सदर परिशिष्ट मेथीचे असून ते चुकून जोडले गेले. खाऊन टाकण्यास हरकत नाही.'

*

त्याच सुमाराला हुकूम आला की यापुढे पत्रव्यवहार मराठीत करायचा. ढोलेबाबूंची सारी नोकरी इंग्रजीत गेलेली. बोलताना शुद्ध वऱ्हाडी, लिहिताना शुद्ध इंग्रजी, मधलं काही नाही! सराईबाबत वर एक पत्र धाडायचं होतं. ते पेन्सिल चावत बसले.

"ओरशेर, डिमॉलिशनले मराठीत काय म्हंतात?"

मी बाहेर सिमेंट मोजत होतो. म्हणालो, "विचार करून सांगतो."

ढोलेबाबूंना थांबायचा कंटाळा. समोरच्याच भिंतीवर हिवतापवाल्यांनी रंगवलेली जाहिरात होती: 'हिवताप निर्मूलन'. त्यांना शब्द आवडला. भारदस्त आहे, सरकारी आहे, शिवाय सरकारनेच रंगवलेला. त्यांनी पत्राला विषय दिला: 'सराई निर्मूलनाबाबत.' पत्र कुठून कसं फिरलं देव जाणे, पण एका सकाळी खांद्यावर पंप घेतलेली चार माणसं दारात उभी!

"सराई निर्मूलनासाठी आलो," त्यांचा मुख्य म्हणाला. "भांडीकुंडी बाहेर काढा."

कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी फवारायला सुरुवातही केली. छप्पर, भिंती, फायली, ढोलेबाबूंची टोपी. आम्ही सगळे खोकत खोकत सडकेवर. साहेब नाकाला रुमाल लावून ओरडत होते, "अहो, इमारतीचं निर्मूलन! डासांचं नव्हे!" पण पंपाच्या आवाजात ऐकतो कोण?

पंपवाले गेल्यावर मावशीने ओसरी झाडली. मेलेल्या ढेकणांचा ढीग निघाला. तिने तो कौतुकाने साहेबांना दाखवला.

"इतल्या वर्षात सरकारनं हे एक कामाचं काम केलं!"

*

आता साहेबांविषयी सांगायला हवं. लिमयेसाहेब माणूस सोन्यासारखा. उंच, गोरे, जरा वाकून चालायचे. कामात चोख आणि भाषेवर भारी प्रेम. कुठला जुना शब्द कानावर पडला की थांबून चव घेतल्यासारखा दोनदा म्हणून पाहायचे. पण वऱ्हाडी त्यांच्या कानाला काही केल्या सरावत नव्हती.

तिकडे शब्दाच्या पोटातला ड बोलताना ळ होतो. घोडा म्हणजे घोळा, दगड म्हणजे दगळ. आणि जो मुळातच ळ असतो, तो य होऊन बसतो. डोळा म्हणजे डोया, सकाळ म्हणजे सकाय. मी बुलढाण्याचा, घाटावरचा, आणि शिकायला चार वर्षं पुण्यात राहिलेला. त्यामुळे मला दोन्ही ऐकू येत. साहेबांना एकच येई.

नांदुऱ्याच्या वाटेवर एकदा जीप थांबली. रहमानभाई बॉनेट उघडून आले.

"साहेब, गाळी बंद पळली."

साहेब म्हणाले, "बंद होती तर पळाली कशी?"

"चालता चालता पळली साहेब!"

"अहो, मग आपण कशात बसलोय?"

रहमानभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडेच्या बाभळीकडे पाहिलं. हसू आवरायला तेवढी एकच जागा होती.

ऑफिसात आल्यावर ढोलेबाबूंनी ठरवलं की साहेबांना हे एकदा नीट समजावून सांगायचंच.

"साहेब, पाहा. घोळा. दगळ. गाळी. यातला जो ळ हाय ना, तो तुमचा ळ नोय."

"मग कोणता?"

"तो ळ हाय साहेब! घोळ्यातला ळ!"

साहेबांनी खूप वेळ विचार केला. "अच्छा! म्हणजे तुमच्याकडे दोन प्रकारचे ळ आहेत!"

"बराबर!" ढोलेबाबू खूश झाले. "एकदम बराबर समजले साहेब!"

*

दवाखान्याच्या भिंती खिडकीपर्यंत आल्या तरी सराईचं ठरेना. वाटेची आखणी अडून बसलेली. शेवटी साहेब म्हणाले, "गावालाच विचारू. गावाची इमारत आहे, गावाचा दवाखाना आहे."

सराईसमोरच्या लिंबाखाली सारा गाव जमला. साहेब खुर्चीवर उभे राहिले. "मंडळी, ही तुमची जुनी सराई. हिचं काय करावं असं तुम्हाला वाटतं? मनमोकळं सांगा."

सरपंच नारायणराव पुढे आले. धोतर, कोट, हातात छत्री. भला माणूस. दवाखान्यासाठी त्यांनी जिल्ह्याला खेटे घातले होते. आजारी माणसाची बैलगाडी सडकेवरून थेट दवाखान्याच्या दाराशी लागावी, मध्ये आडकाठी नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

ते म्हणाले, "साहेब, इच्यारता काय? पाळा!"

आणि सगळा गाव एका आवाजात, "पाळा! पाळा!"

साहेबांचा चेहरा एकदम उजळला. मला आधी कळेना का. मग कळलं. गाव म्हणत होता 'पाडा', आणि साहेब ऐकत होते 'पाळा'!

गर्दीतून अनसूयामावशी उठली. पदर खोचलेला. "नोका पाळू साहेब! पाया पळतो, नोका पाळू!"

साहेब चकित झाले. "का हो बाई?"

ती साहेबांशी बोललीच नाही. सरपंचाकडे वळली. "नारायन, तुही माय बायंतपनाले नांदुऱ्याले चालली होती. गाळी इथीच थांबली. याच ओसरीवर तुले जनलं तिनं. म्या पानी तापवलं होतं बे! अन आज तू म्हंतं पाळा?"

 नारायणरावांनी छत्री काखेत मारली आणि हात जोडले. "म्हूनच त म्हंतो मावशी! माह्या मायचे काय हाल झाले ते मले ठाऊक हायेत. म्हूनच म्हंतो, पाळा!"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग मावशीला अगदी हळुवारपणे म्हणाले, "बाई, सगळं गाव पाळा म्हणतंय. तुम्ही एकट्याच का विरोधात? जरा मन मोठं करा."

मावशी खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडू लागली. साहेबांनी सभा संपवली.

जीप जेमतेम सुरू झाली होती. साहेब एकदम म्हणाले, "काय माणसं आहेत! आपण शब्द पाळतो, वेळ पाळतो, सुतक पाळतो. ही माणसं इमारत पाळतात! असा शब्दप्रयोग आमच्याकडे उरलाच नाही!"

मागून ढोलेबाबू म्हणाले, "हो साहेब, पाळाले आमचे लोक कधीबी तयार!"

मी तोंड उघडलं होतं. पण मागे वळून पाहिलं तर ओसरीचे खांब दिसले आणि त्यांच्या मध्ये जाऊन बसलेली मावशी. विहिरीकडच्या वळणाचं माप मीच घेतलं होतं. दोन बैलांची गाडी तिथून आरामात वळत होती, आजाऱ्याला चार पावलांपेक्षा जास्त फरक पडणार नव्हता. मी तोंड मिटलं. मला ती सराई आवडत होती, दुसरं काय सांगू?

*

पुढचे काही महिने त्या गावात जसा एकोपा नांदला तसा मी कुठे पाहिला नाही.

साहेब वाटेत सरपंच भेटले की हात उंचावून म्हणायचे, "काळजी करू नका नारायणराव, तुमची सराई नक्की पाळणार!"

"पाळा साहेब, पाळा! आमचा भरोसा हाय तुमच्यावर!"

"शब्द दिलाय!"

"बस झालं साहेब!"

दोघंही खूश. सराई अजून उभी कशी, असा प्रश्न गावात कुणाला पडला नाही. सरकारी काम आहे, होईल सावकाश, असं सगळे म्हणायचे. विहिरीकडून वाट आखली तेव्हाही ती तात्पुरतीच असणार असं लोकांनी आपलं आपणच ठरवून टाकलं.

फक्त मावशीला चैन नव्हतं. बुधवारी ती यायची, पण पहिल्यासारखी ओरडून भाजी विकेना. खांबाला हात लावून बसायची. मी एकदोनदा जवळ जाऊन हळूच म्हटलं, "मावशी, नको काळजी करू, काही होत नाही." भर बाजारात याहून जास्त बोलायची सोय नव्हती.

ती म्हणायची, "भाऊ, तू सरकारचा मानूस. सरकार आधी असंच म्हंते."

आणि मी मेथीची जुडी विकत घेऊन परत फिरायचो.

*

एका मंगळवारी सराईवर काम सुरू झालं. साहेबांनी दुरुस्ती मंजूर करून घेतली होती. भिंतींना चुना, छपराला नवे कवेलू. नव्या कवेलूंची चळत ओसरीच्या कोपऱ्यात रचलेली, बाजूला खड्ड्यात चुना भिजत पडलेला. गवंडी वर चढले आणि जुने कवेलू काढून खाली देऊ लागले.

नेमकी तेव्हाच मावशीची गाडी आली. तिने छप्पर उघडं पाहिलं. गाडीतून उतरली, टोपली तिथेच टाकली, आणि सरळ ओसरीवर जाऊन आपल्या दोन खांबांच्या मध्ये बसली. डोक्यावर आभाळ, केसांत मातीचा धुरळा. वरून कवेलू खाली येत होते, ती हलेना.

"पाळा आता!" ती ओरडली. "माह्या डोक्शावर पाळा!"

गवंड्यांनी हात आवरले. मी धावत गेलो, विनवण्या केल्या, हात धरला. तिने हात झटकला. एवढ्यात साहेबांची जीप आली.

"काय झालं? काम का थांबलं?"

"मावशी उठत नाही साहेब."

साहेब ओसरीखाली येऊन उभे राहिले. "बाई, उठा बघू. वर माणसं काम करताहेत, डोक्यात काही पडेल."

"नाई उठत! पाळाची असन त माह्यासकट पाळा!"

साहेब हसले. छातीवर हात ठेवून म्हणाले, "अहो, तुमच्यासकटच पाळणार आहोत!"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. "पाह्यलं का भाऊ? हा मानूस हाय का राक्षस?"

आता साहेबांचा धीर सुटला. इतके महिने सगळं गाव एका बाजूला आणि ही एकटी दुसऱ्या बाजूला. "बाई, तुमचं म्हणणं तरी काय आहे? एकदा स्पष्ट सांगा. ही सराई पाळायची नाही?"

"नाई पाळाची!"

"पाळायची नाही? मग काय पाडायची?"

तो ड असा खणखणीत पुणेरी होता की वर बसलेल्या गवंड्यांनीसुद्धा खाली वाकून पाहिलं.

 मावशीने साहेबांकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या नव्या कवेलूंकडे. मग भिजणाऱ्या चुन्याकडे. मग पुन्हा साहेबांकडे, जरा जास्त वेळ. तिचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण ती काहीतरी दोनदा म्हणून पाहत होती, हे मला दिसलं.

सडकेवरून छत्री हलवत सरपंच येत होते. लांबूनच त्यांनी हाक दिली, "काऊन थांबले बे? पाळा ना लवकर!"

"पाळतोय नारायणराव, पाळतोय!" साहेब आनंदाने ओरडले.

मावशीने पदर सावरला, घाईघाईने उठली, माझ्याजवळ आली आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"ओरशेरभाऊ," ती कानाशी कुजबुजली, "या साहेबाले कोनी मराठी शिकवू नोका!"